टाइप-सी टोकाची बदली : तीन दिवस अडवणारा एक रेझिस्टर

मागील नोंदीत जिचे टाइप-सी टोक कापून बाजूला ठेवले होते, ती केबल आज दुपारी पहिल्यांदा फोन चार्ज करू लागली. कापणे, सोलणे आणि डाख देणे हे सगळे एका संध्याकाळी उरकले होते. पुढचे तीन दिवस मात्र एका दोषाच्या शोधात गेले, आणि तो दोष डाखकामात नव्हता, तारेतही नव्हता. ज्या नव्या प्लगकडे मी संशयाने पाहिलेही नव्हते, त्या प्लगमध्येच तो होता. म्हणून या नोंदीचा बहुतेक भाग त्यालाच द्यावा लागणार आहे.

केबलविषयी थोडक्यात सांगतो. ही यूएसबी २.० ची साधी ए-टू-सी केबल, म्हणजे एका टोकाला चार्जर-संगणकाचा जुना टाइप-ए प्लग आणि दुसऱ्याला टाइप-सी, असून आत लाल, काळी, हिरवी आणि पांढरी अशा चार तारा व वरून फॉइल आणि जाळी आहे. लाल तार मानेपाशी, म्हणजे प्लगच्या रबरी आवरणातून केबल जिथे बाहेर येते तिथेच, तुटली होती. बाकीची लांबी निर्दोष होती. विजेच्या दोन्ही तारा (लाल आणि काळी) २४ गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) असल्याने ती टाकून देणे मला पटले नाही. २८ गेजच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो, २४ गेजच्या तारेचा सुमारे ०.०८ ओहम. जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही मार्ग धरले, तर एक मीटरच्या केबलमध्ये दोन अँपिअरला पहिली सुमारे ०.८५ व्होल्ट खाते आणि दुसरी सुमारे ०.३४. चार्जिंग मंद होण्याची तक्रार आपण चार्जरच्या नावावर खपवतो, तेव्हा पुष्कळदा दोष या फरकाचा असतो.

तारांना मुळातच कल्हई असल्यामुळे डाख पहिल्याच स्पर्शात पसरला. ६३/३७ चे सोल्डर, भरपूर फ्लक्स आणि छिन्नीच्या आकाराची टिप एवढेच वापरले. सुईसारखी टिप लहान कामासाठी उत्तम असते हे मत मला आता मुळीच मान्य नाही. तिच्या टोकातून उष्णता पुरेशी जात नाही, मग हात जास्त वेळ धरावा लागतो आणि तेवढ्यात तारेचे आवरण वितळून मागे सरकते. डेटा नेणाऱ्या हिरव्या आणि पांढऱ्या तारेचा पीळ मी पॅडच्या, म्हणजे प्लगमधल्या छोट्या बोर्डावर तार डाखायच्या ठिपक्याच्या, अगदी जवळपर्यंत राखला, जेमतेम पाच मिलिमीटर उलगडला. या जोडीचा ९० ओहमचा इम्पीडन्स (वेगवान सिग्नलला होणारा रोध) बिघडला, तर चार्जिंग नीट चालूनही फाइल मध्येच तुटते, हे आधीच्या दोन केबलींनी शिकवले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. केबल चार्जरला जोडली, फोन लावला, आणि काहीच घडले नाही. मल्टिमीटरवर चारही तारांची कंटिन्युइटी (टोकापासून टोकापर्यंतची अखंड जोडणी) व्यवस्थित होती, कुठेही शॉर्ट नव्हते, आणि चार्जरला जोडल्यावर प्लगच्या पॅडवर ५.१ व्होल्ट स्वच्छ दिसत होते. त्यात भर म्हणजे इअरफोनची डबी आणि एक छोटी टॉर्च, दोन्ही टाइप-सी असूनही, याच केबलवर विनातक्रार चार्ज झाल्या. साहजिकच संशय फोनच्या सॉकेटवर गेला. प्लग उलटा करून पाहिला, तरी फरक पडला नाही. वास्तविक तिथेच मला थांबायला हवे होते. प्लगमध्ये सीसीचा, म्हणजे वीज कोण देणार आणि कोण घेणार हे ज्यावरून ठरते त्याचा, संपर्क एकच असतो आणि सॉकेटमध्ये सीसीचे दोन संपर्क असतात, त्यामुळे प्लग उलटवला की सॉकेटमधला दुसरा संपर्क वापरात येतो. दोन्ही बाजूंनी तोच दोष दिसला, याचा अर्थ सॉकेटमधला एखादा संपर्क खराब असणे जवळजवळ अशक्य होते. हा धागा सोडून मी तीन वेळा नव्याने डाख दिला आणि तिसऱ्या वेळी एक पॅडच बोर्डावरून उचकटून आले, म्हणून दुसरा प्लग घेतला. त्याच पाकिटातला तो प्लगही तसाच वागला.

उलगडा योगायोगाने झाला. फोनमध्ये केबल लावलेली होती, ए टोक टेबलावर मोकळे होते आणि मी तिथे केवळ रोध मोजण्याच्या इराद्याने मल्टिमीटर नेला. व्होल्टेजची निवड बदलायची राहून गेली होती, आणि पडद्यावर ५.०४ व्होल्ट आले. चार्जर तर जोडलेलाच नव्हता. म्हणजे केबल फोनकडून वीज बाहेर आणत होती. फोन स्वतःला यजमान समजत होता आणि आपल्याला पेन ड्राइव्हसारखे एखादे उपकरण जोडले आहे असे त्याने गृहीत धरले होते.

भिंग घेऊन बोर्ड पाहिला, तर सीसीच्या पॅडजवळच्या रेझिस्टरवर ५१२ हा आकडा होता, म्हणजे ५.१ किलोओहम, आणि त्याचे दुसरे टोक ग्राउंडला होते. हीच ती गोम होती. सीसी आणि ग्राउंड यांच्यामधला ५.१ किलोओहम म्हणजे ‘मी वीज घेणारे उपकरण आहे’ अशी घोषणा असते. ए-टू-सी केबलच्या प्लगमध्ये याच्या उलट हवे असते: सीसी आणि पाच व्होल्टची लाल तार यांच्यामध्ये ५६ किलोओहम. फोनच्या आतला ५.१ किलोओहम त्याच्याशी जुळला की सीसीवर सुमारे ०.४ व्होल्ट तयार होतात आणि समोर वीज देणारे उपकरण आहे हे फोनला कळते. टॉर्च आणि डबी यांची आतली रचना सीसीकडे बघतच नाही, लाल तारेवर वीज आली की ती घेते. म्हणून त्यांनी माझी दिशाभूल केली.

विक्रेत्याविषयी माझी एकच तक्रार आहे. वर्णनात ‘टाइप-सी प्लग, चार तारांसाठी’ एवढेच लिहिले होते; रेझिस्टर किती किलोओहमचा आहे आणि तो कोणत्या पॅडला जातो, याचा उल्लेख कुठेही नव्हता. सर्किटचे चित्र न देणाऱ्याकडून प्लग घ्यायचे नाहीत, असे मी ठरवले आहे.

दुरुस्ती अशी केली. ५१२ उचलून काढला, त्याच्या सीसीकडच्या पॅडवर ५६३ आकड्याचा रेझिस्टर उभा बसवला आणि त्याच्या वरच्या टोकापासून लाल तारेच्या पॅडपर्यंत एनामलची बारीक तार नेली. मोजल्यावर ५५.८ किलोओहम आले. फोन लावताच चार्जिंगची खूण उमटली, आणि तो क्षण मी बराच वेळ पाहत राहिलो.

कोणाच्या हाताशी ५६ किलोओहम नसेल, तर १० किलोओहम लावून वेळ मारून नेऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे. १० किलोओहम म्हणजे तीन अँपिअरचे आश्वासन. ए टोक संगणकाच्या जुन्या पोर्टला लावले, तर फोन ते आश्वासन खरे मानून पोर्टच्या क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह ओढू शकतो. २०१५ च्या अखेरीस गुगलमधील अभियंता बेन्सन ल्युंग यांनी बाजारातल्या केबली एकेक करून तपासल्या आणि नेमका हाच दोष लोकांसमोर आणला, तेव्हापासून ५६ किलोओहमचा आग्रह आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

बाकीच्या चाचण्या सुरळीत पार पडल्या. केबल कापून ९० सेंटिमीटर उरली आहे. दोन अँपिअरच्या लोडवर तिच्यात प्लगच्या संपर्कांसह ०.३६ व्होल्टची घट आली. चार गिगाबाइटची फाइल दोनदा पाठवली, दोन्ही वेळा चेकसम (फाइल जशीच्या तशी पोहोचली का हे पडताळणारा आकडा) जुळला.

हे लिहीत असताना वाटले की दुसऱ्या टोकालाही टाइप-सी बसवून ही केबल सी-टू-सी का करू नये; म्हणजे ५६ किलोओहमची गरजच उरणार नाही. पण तिथे सीसी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वतंत्र तारेने न्यावी लागते, आणि माझ्याकडे चारच तारा आहेत. जाळीला ग्राउंड करून काळी तार सीसीला देण्याचा विचार मनात आला, परंतु तीन अँपिअरचा परतीचा प्रवाह या पातळ जाळीतून नेणे मला योग्य वाटत नाही. ते काम पाच तारांची केबल मिळेपर्यंत थांबेल.

सध्या प्लग उघडाच आहे. मानेला पेनमधली स्प्रिंग गुंडाळण्याची पद्धत मी या वेळी वापरणार नाही, कारण वाक स्प्रिंगच्या टोकाशी जाऊन बसतो आणि तार तिथे तुटते. आत ४५ मिलिमीटर आणि वर २५ मिलिमीटर, असे आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकचे (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचे) दोन थर देण्याचा बेत आहे, म्हणजे कडकपणा पायरीपायरीने कमी होत जाईल. पाकिटातल्या उरलेल्या प्लगांवर लाल ठिपका लावून ते वेगळे ठेवले आहेत. ५.१ किलोओहम ग्राउंडला असलेला हा प्लग ओटीजी केबलसाठी, म्हणजे फोनला पेन ड्राइव्हसारखे उपकरण जोडणाऱ्या केबलसाठी, अगदी हवा तसा आहे, आणि तशी एक केबल मला करायचीच होती.