फवारणीच्या ड्रोनचा मोडका दांडा

कपाशीवर आणि तुरीवर फवारणी करणारे ड्रोन आता आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतही दिसू लागले आहेत आणि त्यांच्या दांड्यांसोबत कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या बारीक तंतूंपासून केलेले साहित्यही गावात आले आहे. धुऱ्यावरच्या बाभळीला धडकून मोडलेला अशा एका ड्रोनचा दांडा मी हातात घेऊन पाहिला. बाहेरून तो काळा, गुळगुळीत होता आणि त्यावर विणीचे चौकडे दिसत होते; मोडल्या जागी मात्र केसाहून बारीक तंतूंचे झुबके बाहेर आले होते. भंगारवाल्याने मोटर आणि तांब्याची तार तेवढी घेतली, दांडा नाकारला.

त्याला दोष देता येत नाही, कारण अडचण या पदार्थाच्या घडणीतच आहे. पॉलिॲक्रिलोनायट्रिलचा कृत्रिम धागा आधी हवेत 200 ते 300 अंश सेल्सिअसला आणि मग नायट्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवला, की वजन जवळपास निम्मे होऊन मुख्यतः कार्बनच उरतो. हे तंतू इपॉक्सी रेझिन या चिकट रसायनात बसवून तापवले, की रेझिनचे रेणू एकमेकांशी कायमचे जखडले जातात आणि नंतर कितीही उष्णता दिली तरी ते वितळत नाहीत, जळतात.

म्हणून तंतू सोडवण्यासाठी हवा वगळून साधारण 400 ते 700 अंशांवर रेझिनचे विघटन करतात. तंतूंवर उरलेली काजळी काढायला थोडी हवा सोडावी लागते आणि ती जास्त झाली तर तंतूच कमकुवत होतात. शिवाय माल आधी तुकडे करून भट्टीत जात असल्याने हाती येतात ते आखूड, विस्कटलेले तंतू. धाग्याच्या लांबीवर कापसाचा भाव ठरतो हे जिनिंगवर गाडी नेणाऱ्याला सांगावे लागत नाही. इथेही तेच आहे. अशा तंतूंची चटई होते, ते प्लॅस्टिकमध्ये मिसळतात, पण विमानाच्या पंखात ते परत जात नाहीत.

नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात बोइंग 787 विमानासाठी याच साहित्याचे फ्लोअर बीम, म्हणजे तळाला आधार देणाऱ्या तुळया, तयार झाले आहेत. कारखान्यातले कात्रण एकाच जागी पडते आणि त्यात काय आहे हेही ठाऊक असते, त्यामुळे त्याची सोय लावणे त्या मानाने सोपे आहे. गावोगाव विखुरलेले दांडे गोळा करणे मात्र अवघड आहे, आणि ज्याने ड्रोन विकला त्यानेच ते बॅटरीसोबत परत घेतले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

तोवर हे दांडे वावरात जाळू नयेत आणि आरीने कोरडे कापू नयेत. त्यांची बारीक धूळ त्वचेला खाज आणते, श्वासावाटे आत जाते, आणि तंतूंमधून वीज वाहत असल्याने मोटरपंपाच्या स्टार्टरजवळ ती पोचणेही धोक्याचे आहे.