फालोंबेची तूर, दिल्लीचा कागद

तूर तपासणं हे माझं काम. उदगीरच्या एका डाळमिलमध्ये शिकलो, मग एका निर्यातदार कंपनीत लागलो, आणि कंपनीनं मलावीच्या दक्षिणेला फालोंबे जिल्ह्यात खरेदी केंद्रावर पाठवलं. आपल्याकडच्या डाळवाल्यांना आफ्रिकेच्या तुरीची नावं पाठ असतात: टांझानियाची अरुषा आणि मटवारा, मोझांबिकची गजरी, मलावीची लाल. मुंबईत या नावांनी भाव निघतो. ती पिकवतं कोण, हे मला तिथं जाईपर्यंत ठाऊक नव्हतं.

मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी एकर-दीड एकराचे तुकडे आहेत. बैल नाही, औत नाही. खासू नावाची आखूड दांड्याची कुदळ, तिनंच वरंबे ओढायचे. नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला पाऊस झाला की वरंब्यावर मका टोकायचा आणि मक्याच्या मधे तूर. मका एप्रिल-मेमध्ये निघतो, तो घरात खायला. तूर त्यानंतर पावसाविना उभी राहते आणि जुलै-ऑगस्टात हातात येते. पाला रानातच गळतो, तेवढंच खत. काड्या चुलीला. आणि दाणे विकून मीठ, साबण, औषध, शाळेची फी. रोख पैसा येण्याचा वर्षातला हा एकच मोठा रस्ता.

मका निघाला की गावातल्या शेळ्या मोकळ्या सोडतात आणि रानात तेव्हा हिरवं म्हणून तूरच उरलेली असते. शेळ्या बांधायच्या की नाही, यावर गावचा मुखिया काय ठरवतो त्यावर निम्मं पीक अवलंबून. हे मी कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत वाचलं नाही. सरकारची खताची सवलत 2005-06 पासून चालू होती, पण तिचा मुख्य रोख मक्यावर. तुरीला वाली नव्हता. गावात येणारा फिरता व्यापारी स्वतःचा काटा घेऊन येतो आणि त्या काट्यावर पन्नास किलोचं पोतं कधी पन्नास भरत नाही. लातूरच्या मोंढ्यात वजनातून कडता कापला तर निदान हिशेबपट्टीवर लिहिलेला दिसतो. इथं तोही लिहीत नाहीत.

आमच्या केंद्रावर चोख काटा होता, म्हणून लोक सायकलवर पोती लादून वीस-पंचवीस किलोमीटर चालत यायचे. चालतच, कारण लादलेल्या सायकलवर बसता येत नाही, ती ढकलावी लागते.

सोमवार, 7 ऑगस्ट 2017. घरी नारळी पौर्णिमा होती, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे. सकाळी केंद्र उघडायच्या आधीच फाटकाशी तीसेक माणसं होती. रांगेत एक म्हातारी होती, तिला सगळे अगोगो म्हणत, म्हणजे आजी. मीही तेच म्हणायचो. ती आमच्या शेतकरी गटातली. गटाला कंपनीनं सुधारित बियाणं दिलं होतं, मोठ्या फिकट दाण्याचं. आफ्रिकेसाठीच्या अशा वाणांच्या पैदाशीत इक्रिसॅटचं मोठं काम आहे. हैदराबादजवळ पटानचेरूला ज्यांचं मुख्यालय आहे, तीच ही पीकसंशोधन संस्था. आपल्या बदनापूरच्या बीडीएन 711 या तुरीच्या वाणाशेजारी हा दाणा ठेवला तर डोळ्यांत भरेल असा.

तिच्याबरोबर तिची नात आणि दोन भाड्याच्या सायकली. चार पोती. ती पोती पाहूनच मी परखी खाली ठेवली.

परखी म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार पोकळ सळई. साध्या पोत्यात ती वरून, मधून, खालून तीनदा मारायची, म्हणजे वर चांगला आणि तळाला कचरा भरलेला माल पकडता येतो. पण तिची पोती तिहेरी होती: बाहेर विणलेलं पोतं आणि आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, प्रत्येकीचं तोंड वेगळं बांधलेलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं कॅमेरूनमधल्या चवळीसाठी ही पद्धत बसवली आणि मग ती आफ्रिकाभर गेली. तुरीतला भुंगेरा बहुधा शेतातूनच येतो. शेंगेवर अंडी घातलेली असतात, मळणीबरोबर अळी दाण्यातून घरी पोचते, आणि दोन-तीन महिन्यांत पोत्यातून पीठ गळायला लागतं. घट्ट बांधलेल्या पिशवीत कीडच आतला प्राणवायू संपवते, मग तिचं खाणं थांबतं आणि ती मरते. औषधाची पूड नाही, गोळी नाही. अट एकच, पिशवीला भोक पडता कामा नये. परखी मारली असती तर तिच्या दोन पिशव्यांची किंमत मी एका फटक्यात घालवली असती.

म्हणून गाठी सोडल्या आणि ताडपत्रीवर ओतलं. दाणे पडले तेव्हा धूळ उडाली नाही. इकडे मळणी उघड्या जमिनीवर काठ्यांनी झोडून करतात, त्यामुळे पोत्यात माती येतेच. हिनं अंगणात चटई पसरून झोडलं होतं आणि सुपानं दोनदा पाखडलं होतं. पाव किलोचा नमुना पांढऱ्या परातीत घेतला. दाणा दाताखाली धरला, कट्‌कन तुटला. यंत्रावर ओलावा 10.8 टक्के. मग एकेक दाणा सरकवत बसलो: डंकी, म्हणजे किडीनं पोखरलेला, नाही, डागी दोन, फुटके चार-पाच, खडा नाही, पांढऱ्या ठिपक्यासारखं अंडंही कुठं नाही. इतका स्वच्छ माल मी आपल्याकडेही क्वचित पाहिला आहे. मी नातीकडे पाहून तिला सांगितलं, तुझ्या आजीची तूर या हंगामातली सगळ्यात चांगली. नातीनं ते आजीला सांगितलं. आजीनं फक्त विचारलं, "वजन कधी?"

तेवढ्यात ब्लँटायर शहरातल्या आमच्या ऑफिसातून फोन आला.

शनिवारी, 5 ऑगस्टला, भारत सरकारनं अधिसूचना काढली होती. तूर आयात आता खुली नाही, निर्बंधित. वर्षाला 2 लाख टन, बस्स. देशादेशांतल्या करारांना त्यातून सूट होती. मोझांबिकशी जुलै 2016 मध्ये पाच वर्षांचा करार झालेला होता. मलावीशी नव्हता. आमच्या केंद्रापासून मोझांबिकची सीमा फार लांब नाही. तीच माती, तोच पाऊस, तेच बी, पण या बाजूच्या तुरीला ठरलेलं गिऱ्हाईक नाही.

ऑफिसनं खरेदी थांबवायला सांगितलं, ते समजण्यासारखं होतं. पुढचं मात्र मला आजही पचत नाही. ते म्हणाले, बंद झाली असं सांगू नकोस, गटांशी आपला लेखी व्यवहार आहे. आलेला माल प्रतीच्या कारणानं परत कर. ओलावा जास्त लिही, डंकी लिही, काहीही लिही.

धंद्यात माघार घ्यावी लागते, ते मी जाणतो. जहाजं ठरलेली, बँकेचा पैसा अडकलेला, कंपनीचाही गळा धरलेला होता. पण ज्या माणसानं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, त्यालाच तुझ्या कामात खोट आहे असं सांगायचं, हे व्यापार बुडण्यापेक्षा वाईट. ती बाई घरी जाऊन हाच विचार करत बसली असती की आपलं काय चुकलं. पुढच्या वर्षी ना तिनं पिशवी वापरली असती, ना चटई.

मी तिच्या चिठ्ठीवर खरे आकडे लिहिले. ओलावा 10.8, कीड शून्य, प्रत एक. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: खरेदी स्थगित, भारतात आयातीवर निर्बंध. खाली सही. मग रांगेतल्या प्रत्येकाला तसंच लिहून दिलं; ज्याचा माल खरंच ओला होता त्याला ओला लिहिलं. केंद्रावरचा मलावी कारकून माझ्याकडे पाहत राहिला, मग तोच उठून रांगेला मोठ्यानं समजावून सांगायला लागला. त्याचं ते बोलणं मी लिहून ठेवायला हवं होतं असं वाटतं. इतक्या लोकांचं नुकसान सांगताना त्याचा आवाज चढला नाही आणि त्यानं कुणाला खोटी आशाही दाखवली नाही.

अगोगोनं विचारलं, "अचिम्वेने, तुमच्या देशात लोकांनी नंदोलो खाणं सोडलं का?" अचिम्वेने म्हणजे भाऊ. नंदोलो म्हणजे तूर. मी म्हणालो, नाही, आमच्याकडे यंदा फार पिकली.

आणि ते खरं होतं. 2015 मध्ये आपल्याकडे तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, सगळ्यांनी तूर पेरली, आणि सुमारे 25 लाख टनांचं उत्पादन 48 लाख टनांच्या वर गेलं. 5,050 रुपयांचा हमीभाव कागदावर होता आणि मोंढ्यात भाव त्याच्या कितीतरी खाली. त्या उन्हाळ्यात आमच्या अण्णांनी ट्रॅक्टरमध्ये तूर घालून खरेदी केंद्राबाहेर रात्री काढल्या. बारदाना नाही म्हणून माप बंद, मग मुदत संपली म्हणून माप बंद.

त्याच संध्याकाळी घरून फोन आला. नारळीभाताचं विचारून झालं आणि अण्णा म्हणाले, "आयात थांबवली म्हणं सरकारनं. लई बरं झालं बघ. आता तरी भाव उभा राहील." मी हो म्हणालो. अण्णांचं चूक नव्हतंच. त्यांच्यासारख्यांनीच ही मागणी केली होती आणि ती रास्त होती. दिवसभर मी ज्या रांगेसमोर उभा होतो ती अण्णांचीच रांग होती, फक्त हे त्यांना फोनवर कसं सांगायचं ते मला सुचलं नाही. आपल्याकडेही त्या वर्षी भाव काही उभा राहिला नाही.

अगोगोनं चारपैकी दोन पोती आठवडाभरात फिरत्या व्यापाऱ्याला दिली, आदल्या हंगामाच्या निम्म्याहूनही खालच्या भावानं. सप्टेंबरात शाळा उघडते आणि नातीची फी थांबत नाही. उरलेली दोन तिनं पिशव्यांत बांधून ठेवली. कीड लागली नाही, दाणा तसाच राहिला. भाव मात्र पुढच्या वर्षीही आला नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत, घरातला मका संपतो त्या उपासमारीच्या दिवसांत, त्यांनी ती तूर उकडून खाल्ली. पिशवीनं तिचं काम चोख केलं होतं.

तेव्हापासून शेतकऱ्यांच्या मदतीविषयीची चर्चा ऐकताना माझं डोकं तापतं. राजधानी लिलाँग्वेच्या हॉटेलांत बैठका होतात, भत्ते वाटले जातात, पडद्यावर चित्रं दाखवतात: शेतकऱ्याला सुधारित बियाणं द्या, साठवण शिकवा, प्रत शिकवा, बाजाराशी जोडा. हे सगळं गरजेचं आहे आणि मी स्वतः ते शिकवतो. पण त्यात गृहीत धरलेलं असतं की कमी आहे ती शेतकऱ्यात. त्या बाईत काय कमी होतं? बियाणं होतं, साठवण होती, प्रत होती. नव्हती ती पेरायच्या आधी मिळालेली खबर. तूर जमिनीत नोव्हेंबरात जाते आणि दिल्लीचा कागद ऑगस्टात येतो. मधल्या नऊ महिन्यांचा सगळा भार ज्याच्याकडे एक एकर आहे त्याच्यावर. व्यापारी दुसरा माल उचलतो, कंपनी केंद्र बंद करते, सरकार पुढची अधिसूचना काढतं. तिला दुसरं रान नाही.

मोझांबिकच्या करारानं सगळं भलं झालं असंही नाही. टनांचा आकडा ठरला, भाव ठरला नाही, आणि त्या 2017 च्या हंगामात तिकडचाही भाव कोसळलाच. कोटा हा निर्यातदाराच्या हाती येतो, शेतकऱ्याच्या नाही. म्हणून नुसता करार करा म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. आकडा हवाच, पण तो पेरणीआधी जाहीर झालेला हवा, आणि शेतकरी गटाशी कागद करणाऱ्या कंपनीनं त्यात एक किमान भाव लिहायला हवा, निदान बियाणं घ्यायला लावलं तेवढ्या तुरीसाठी. खरेदी थांबली तर तोटा कोण किती सोसणार हेही लिहावं. आमच्या मोंढ्यातले आडते म्हणतील असं कोण लिहून देतं. पण बियाणं देताना गटाची सही घ्यायला कुणी विसरत नाही.

2021 मध्ये भारतानं मलावीशीही करार केला, वर्षाला 50 हजार टन, 2025-26 पर्यंत पाच वर्षं. ती कंपनी मी तोवर सोडली होती आणि आता वेगवेगळ्या खरेदीदारांसाठी प्रत तपासतो. फालोंबेच्या गटांकडे दर ऑक्टोबरात जातो. पहिला प्रश्न ठरलेला: यंदा किती पेरू? मी त्यांना भारतातला पेरा, साठा आणि आयातीची मुदत कधी संपते ते सांगतो, आणि मुदत कापणीच्या आधी संपत असेल तर तेही सांगतो. त्या पहिल्या गटातल्या कित्येकांनी तूर कमी करून भुईमूग वाढवला आहे. अगोगोच्या रानात आता तिची नात पेरते. गेल्या खेपेला तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, कागदावर तारखा लिहून घेतल्या आणि विचारलं, खरेदीदाराची सही या कागदावर कधी मिळेल. मी तो कागद दोन कंपन्यांकडे पाठवला आहे.