तुम्ही विचारलंत म्हणून: हो, पोरगा पायांमधून बॉल मागे फेकतो

दर गणपतीला कोणीतरी विचारतंच, "अहो, पोरगा एवढा उंचापुरा, अभ्यासात हुशार, मग हे वाकून पायांमधून बॉल फेकायचं काय खूळ? याचं करिअर होतं?" आजवर हसून टाळलं, आता एकदाच लिहून टाकतो.

होतं करिअर. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, ३२ टीम, प्रत्येकीत बहुतेक एकच लाँग स्नॅपर, म्हणजे किकसाठी बॉल पायांमधून मागे फेकणारा (त्या फेकीला स्नॅप म्हणतात). पंटला (बॉल लाथेने लांब समोरच्यांकडे मारून द्यायचा तेव्हा) बॉल १५ यार्ड मागे, पाऊण सेकंदाच्या आसपास. फील्ड गोलला (किक खांबांमधून मारून पॉइंट घ्यायचे तेव्हा) अंतर निम्मं, पण बॉल असा फिरत जायला हवा की होल्डरच्या (किकरसाठी बॉल जमिनीवर धरणाऱ्याच्या) हातात पडेल तेव्हा लेसेस (बॉलवरची शिवण) किकरच्या पायाकडे नकोत. हे सगळं डोकं खाली घालून, उलटं बघत. शिकागोच्या पॅट्रिक मॅनेलीने ही एक जागा १६ सीझन धरून ठेवली. आमच्या आयटीत एका खुर्चीवर १६ वर्षं कोण टिकतं सांगा.

तर हे झालं तुम्हाला गप्प करायचं उत्तर.

जानेवारी २००३, आमच्या न्यूयॉर्क जायंट्सची सॅन फ्रान्सिस्कोशी प्लेऑफ (बाद फेरीची) मॅच. आम्ही न्यू जर्सीत नवे, पोरगा सहा महिन्यांचा, माझ्या मांडीवर झोपलेला. ३८-१४ ने पुढे होतो आणि शेवटी ३९-३८ ने मागे पडलो. सहा सेकंद बाकी, ४१ यार्डांची किक, आणि स्नॅप खाली गेला, मॅच गेली. स्नॅपर ट्रे जंकीन, वय ४१, रिटायर होऊन घरी बसलेला, त्याच आठवड्यात फोन करून बोलावलेला. मी एवढ्या मोठ्याने शिवी घातली की पोरगा दचकून उठला. दुसऱ्या दिवशी लीगनेच कबूल केलं की त्या प्लेमध्ये रेफरीही चुकले होते, पण मला काय त्याचं. आमच्या घरात तेव्हापासून तो शब्दच झाला. दूध उतू गेलं, जंकीन. किल्ली हरवली, जंकीन.

आणि हाच पोरगा हायस्कूलमध्ये स्नॅपर झाला. मी अडवलं नाही कारण (खरं सांगतो) वाटलं, बरंय, मॅचमध्ये आठ-दहा वेळाच आत जाणार, मार कमी खाईल.

मग ती पावसातली मॅच. आम्ही एका पॉइंटने पुढे, पंट आमच्याच एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) तोंडाशी, त्याने फेकलेला ओला बॉल पंटरच्या डोक्यावरून थेट मैदानाबाहेर. सेफ्टी, म्हणजे समोरच्यांना दोन पॉइंट, मॅच गेली. गाडीत बसलो, वायपर चालू, तो मागच्या सीटवर ओल्या मोज्यांसकट, कोणी बोलेना, तर काहीतरी हलकंफुलकं बोलावं म्हणून माझ्या तोंडून गेलं, "जंकीन केलंस रे." त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तो १९ सीझन खेळला." मला माहीत नव्हतं. सोळा वर्षं त्या माणसाच्या नावाने शिव्या दिल्या आणि मला हे माहीत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गॅरेजच्या दारावर धाड, धाड. मी माफी मागितली का? नाही. चहा घेऊन बाहेर गेलो आणि बॉल परत फेकत बसलो. तेव्हा वाटलं तेवढं पुरे. आता वाटतं, नव्हतं पुरे. पण आता काढायचं म्हणजे उगाच खपली काढल्यासारखं.

आता कॉलेज संपलं, दिवसा नोकरी, संध्याकाळी मैदानावर १०० स्नॅप. ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात) स्नॅपरला क्वचितच कोणी घेतं. बाकीच्यांना फोन येतो तो बहुतेकदा कोणाचा तरी खांदा निखळला किंवा गुडघा गेला की, मंगळवारी बोलावतात आणि रविवारी खेळवतात. म्हणजे जंकीनला आला तसाच. तो फोन यावा म्हणून त्याची आई संकष्टी करते, आणि मी... मला विचारू नका.

गेल्या थँक्सगिव्हिंगला त्याच्या हातून काचेचा बाऊल पडला. स्वतःच म्हणाला, "जंकीन," आणि हसला. मी केरसुणी आणायला आत गेलो.