दुकानदाराचं ऐकलं आणि भिंत सोलली

२०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि मी ब्रश हातात घेतला तो नारळी पौर्णिमा उलटल्यावर. निम्मी चूक तिथेच झाली. उरलेली निम्मी दुकानदाराच्या नावावर टाकतो, कारण राग अजून गेलेला नाही.

मालवणजवळचं आमचं घर चिऱ्याचं, आतून गिलावा, त्यावर डिस्टेंपरचा जुना रंग. गणपती बसतो त्या खोलीच्या सागाच्या चौकटीभोवती तीन खाचांची नक्षीदार मोल्डिंगची पट्टी आहे. चतुर्थीच्या तोंडावर रंगारी मिळणं म्हणजे नवसच. म्हटलं, एक चौकट तर आहे, आपणच करू. घासणं, पुट्टी, प्रायमर दोन दिवसांत उरकलं. खाचेत पॉलिश पेपर दुमडून घालायचा, एवढंच त्यातलं लक्षात ठेवा.

भिंतीला रंग लागू नये म्हणून कागदी मास्किंग टेप आणली. दुकानदार म्हणाला, "रंग पूर्ण वाळल्याशिवाय टेप काढू नका, कड बिघडेल." मी आज्ञाधारकपणे थांबलो.

पहिल्या दिवशी ऑइल पेंट बोटाला लागला. दुसऱ्या दिवशी लागला नाही, पण ठसा उठला. तिसऱ्या दिवशीही तेच. डब्यावर वाळण्याचे तास छापलेले असतात, ते श्रावणातल्या कोकणाचे नव्हेत. दोरीवरची चादर तीन दिवस ओलीच होती, तिथे हा कसला वाळतो! टेबलफॅन लावून बसलो. आई येता-जाता म्हणायची, "रंग सुकलो नाय, हात कित्याक लावतंस?" तरी लावायचोच.

चौथ्या सकाळी टेप ओढली. उजव्या बाजूला तिच्याबरोबर वीतभर डिस्टेंपरचा पापुद्रा आला, खाली गिलावा उघडा. डाव्या बाजूला रंगाची सायच टेपला धरून ताणली गेली आणि चौकटीवरून रबरासारखी सुटली. टेप नीट दाबली नव्हती तिथे आत झिरपलेल्या तपकिरी रंगाच्या मिशा.

ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो. जाड थर दिला की वर साय धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. मी खाचा भरभरून रंगवल्या होत्या. शिवाय टेप जितके दिवस राहील तितका तिचा गोंद भिंतीला धरतो. म्हणजे दुकानदाराचा सल्ला नेमका उलटा.

सगळं खरवडलं. भिंतीचा तुकडा पुट्टी भरून पुन्हा रंगवला, दोन दिवस त्यात गेले. तळहात फिरवून बघितला तर जुन्या भिंतीची पांढरी भुकटी हाताला आली. हे आधीच करायला हवं होतं. ओल्या फडक्याने पुसून भिंत कोरडी होऊ दिली, मग टेप लावून चमच्याच्या पाठीने कड दाबली. पुढची युक्ती माझी नाही, चुलत काकांची: टेपच्या कडेवर आधी भिंतीचाच रंग अगदी पातळ फिरवायचा. फट असेल तर ती त्याच रंगाने बुजते आणि झिरपला तरी दिसत नाही. तो सुकल्यावर एक इंची ब्रशने ऑइल पेंटचा पातळ हात, आधी खाचा, मग सपाट भाग. ब्रश टोकापुरताच बुडवायचा. खाचेत रंग साचला तर कोरड्या ब्रशने लगेच उचलायचा.

आणि टेप रंग ओला असतानाच काढायची, स्वतःवर दुमडत, सावकाश. रंगाचा दुसरा हात देताना नवी टेप. कड सूत धरून मारल्यासारखी आली. मी दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो.

ऑइल पेंट पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास घरच्यांना चालत नाही, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, पण पावसाची झड आत येणार नाही इतपतच.

२५ तारखेला सगळं आटोपलं. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधली, मूर्ती आली. फक्त डाव्या खाचेत एक बोटाचा ठसा राहिला, तो काही केल्या जाईना. भजनाला येणाऱ्या प्रत्येकाला आई आधी तोच दाखवते.