तुम्ही विचारलंत म्हणून: वराळी शिकवायची नसते

इथं अमेरिकेत गणपतीत जेवणाच्या रांगेत हा प्रश्न मला हमखास गाठतो. यंदा विचारणाऱ्या काकूंच्या एका हातात मसालेभाताची प्लेट होती आणि दुसऱ्या हातानं त्यांनी माझं कोपर धरलं होतं. "तू मराठी ना गं? मग हे मद्रासकडचं गाणं कुठून शिकलीस? आणि त्यावर भागतं का इथं?" मागं माणसं खोळंबली होती, म्हणून "सांगते कधीतरी" म्हणत मी सटकले. माझ्या विद्यार्थ्यांच्या तमिळ आईवडिलांच्या मनातही हेच असतं, फक्त ते विचारत नाहीत. "ओ, यू आर महाराष्ट्रियन!" म्हणतात आणि दोन सेकंद गप्प होतात. तर काकू, तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहूनच टाकते. माझं गाणं म्हणजे कर्नाटक संगीत, आणि वराळी हा त्यातला एक राग.

आमचं घर माटुंग्याला, रुईया कॉलेजपासून चालत पाच मिनिटांवर. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमच्या तमिळ शेजारीण, पुढं माझ्या गुरू झालेल्या मामी पहिल्या. त्यांना अख्खी बिल्डिंग मामीच म्हणायची, भाजीवाला धरून. संध्याकाळी शाळेतून येताना पहिल्या मजल्यावर माझे पाय रेंगाळायचे. आत सात-आठ मुली मांडीवर ताल धरून सरळी वरिसै, म्हणजे सुरांचे पहिले धडे, घोकत असायच्या. एक टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी-पालथा हात, टाळी-पालथा हात. आठ मात्रांचा आदि ताल. तेच सूर आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट. मी दप्तर टेकवून पायरीवर बसायची आणि फ्रॉकवर बोटं मोजायची. एक दिवस आई मला शोधत खाली आली आणि ओरडणार तेवढ्यात दार उघडून मामी म्हणाल्या, "दो महीने से इसका दप्तर मेरे दरवाजे पे है. अब अंदर रखने दो." हे १९८७ सालचं. मी नऊ वर्षांची होते.

घरात बाबांचा रेडिओ आणि नाट्यसंगीत. माझं हे नवं गाणं त्यांना रुचलं नाही असं नाही, पण त्यांचा कान अडखळायचा. आमच्या कर्नाटक तोडी रागाचे सूर हिशेबानं तुमच्या हिंदुस्थानी भैरवीचेच. पण तोडीचा गांधार (ग) एका जागी उभा राहत नाही, रिषभ (रे) आणि मध्यम (म) यांच्यामध्ये झुलत राहतो. मी तोडी म्हणायला लागले तसे बाबा पेपर खाली करून म्हणाले, "भैरवीच आहे गं, पण हिला थंडी वाजतेय." मी रडले होते. आता वर्गात पहिल्यांदा तोडी काढते तेव्हा मी स्वतःच हे वाक्य सांगते. गमक, म्हणजे सूर असा झुलवणं, काय असतं ते माझ्या कुठल्याही व्याख्येपेक्षा त्यातून लवकर कळतं.

षण्मुखानंद हॉल घरापासून जवळ, पण १९९० मध्ये तो जळला आणि पुन्हा उघडला १९९८ मध्ये. म्हणजे मी बारा वर्षांची असल्यापासून वीस वर्षांची होईपर्यंत तो बंदच. त्याचं वाईट वाटून घ्यावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण त्या काळात मी कचेऱ्या (कर्नाटक संगीताच्या मैफली) ऐकल्या त्या शाळांच्या हॉलमध्ये आणि देवळांत, सतरंजीवर, मृदंगमवाल्यापासून सहा फुटांवर. उजव्या बाजूच्या काळ्या शाईवर बोट पडलं की त्याचा धक्का सतरंजीतून जाणवायचा. मोठ्या हॉलच्या बाल्कनीत बसून तो जाणवला नसता.

आता "मराठी असून" बद्दल. मामींनी पहिल्याच महिन्यात मला तंजावर सांगितलं. १६७६ पासून १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांचं राज्य होतं. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर, श्यामा शास्त्री हे कर्नाटक संगीताचे तिघेही मोठे रचनाकार त्या राज्यात वावरले. राजा मराठी, प्रजा तमिळ आणि त्यागराजांच्या कृती, म्हणजे रचना, तेलुगूत. आपल्या सरफोजी राजांचं दरबारात गाण्याचं आमंत्रण त्यागराजांनी नाकारलं अशी आख्यायिका आहे, तेव्हा फार कॉलर ताठ करण्यात अर्थ नाही. पण कीर्तनाचं श्रेय आपलं आहे. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तंजावरला गेले, त्यांचं ऐकून कृष्ण भागवतरांनी तिकडची हरिकथा, म्हणजे तिकडचं कीर्तन, नव्यानं उभी केली आणि साकी, दिंडी, ओवी ही नावं तमिळ भागवतरांच्या (कीर्तनकारांच्या) तोंडी बसली. मामींच्या आजोळी साकी म्हणायचे. साकी मराठी असते हे त्यांना मुंबईत आल्यावर कळलं.

आणि खरं सांगू? मामींनाही तेलुगू येत नव्हतं. त्यांच्या वहीत तमिळ लिपीत तेलुगू शब्द आणि खाली पेन्सिलीनं अर्थ. माझ्या वहीत देवनागरीत तेलुगू, खाली मराठी अर्थ. माझ्या इथल्या विद्यार्थ्यांच्या वहीत रोमन लिपीत तेलुगू, खाली इंग्रजी. हे गाणं म्हणणाऱ्यांपैकी किती जणांचं ते "स्वतःचं" असतं, याचा हिशेब मी त्या दिवसापासून सोडला.

लग्न होऊन २००६ मध्ये ओहायोत, कोलंबसला आले. मुंबईत बँकेत नोकरी होती, मामींकडे एकोणीस वर्षांचं शिक्षण होतं, आणि इथं पासपोर्टवर एच-४ चा शिक्का. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. त्या शिक्क्यावर तेव्हा एक डॉलरही कमावता येत नसे. देवळाच्या तळघरात मी सहा मुलं घेऊन बसायला लागले, फुकट. एका आजींनी दर शनिवारी इडलीचं पीठ आणायला सुरुवात केली तेव्हा मी ते घेऊ की नको यावर आमच्या घरी एक गंभीर बैठक झाली होती. पीठ घेतलं. मे २०१५ मध्ये नियम बदलला, ग्रीन कार्डाच्या रांगेत काही टप्पे पार केलेल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली, आणि त्या वर्षाच्या शेवटी ते परवानगीचं कार्ड माझ्या हातात पडलं. नऊ वर्षं शिकवल्यावर मला पहिली फी मिळाली, पंचवीस डॉलरचा चेक. तो वटवायला मन होईना, पण वटवला.

भागतं का? एकटी असते तर नसतं भागलं. आज माझ्याकडे चौतीस मुलं आहेत, वर्षाला तीन-चार कचेऱ्या, त्यातल्या दोन देवळात, म्हणजे मानधन म्हणून शाल आणि प्रसाद. गंमत अशी, की आमच्याच रस्त्यावरच्या पियानो शिक्षिकेला माझ्या दुप्पट फी गुपचूप देणारे पालक माझ्याकडे आले की "दोन भावंडांना काही कमी होईल का?" विचारतात. आधी राग यायचा. आता सरळ "नाही" म्हणते, आणि आश्चर्य म्हणजे कुणी जात नाही. मुलं जातात ती नववीत, पोहणं आणि शाळेचा ऑर्केस्ट्रा एकाच संध्याकाळी येतात तेव्हा.

चेन्नईच्या मार्गळी सीझनमध्येही (डिसेंबर-जानेवारीतला कचेऱ्यांचा हंगाम) एकदा गाऊन आले, एका सभेत, म्हणजे गाण्याच्या संस्थेत, दुपारी बाराला. समोर अकरा माणसं, त्यातली चार कॅन्टीनमध्ये पान वाढलं जायची वाट बघत होती. सांबाराचा वास आला आणि ती उठली. सांबार खरंच चांगलं होतं.

पण पैशांपेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे. माझ्या मुलांना जिना नाही. मी दोन महिने पायरीवर बसून ऐकलं, मग आत गेले. ही मुलं गॅरेजमधून गाडीत बसतात, माझ्या दारात उतरतात, पस्तीस मिनिटं गातात आणि परत गाडीत. मधे कुठेही हे गाणं त्यांच्या कानावर पडत नाही. गळे चांगले आहेत, पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं. पण पियानो शिकलेला मुलगा तोडी ऐकतो आणि विचारतो, "आंटी, हा 'ग' कुठल्या पट्टीवर आहे?" ती पट्टी दाखवता येते. दाखवली की मात्र तो गांधार मेला.

२०२० मध्ये वर्ग झूमवर गेले तेव्हा तर यंत्राचेही कान शिकवायची वेळ आली. मी साडेपाच कट्टैला (तुमची काळी चार) श्रुती, म्हणजे तंबोऱ्याचा आधारसूर, लावून बसले, तर मुलं म्हणाली श्रुती ऐकूच येत नाही. फोन बदलला, माइक बदलला. शेवटी कळलं, मागून सतत येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून ते सॉफ्टवेअर तंबोरा गाळून टाकत होतं. 'ओरिजिनल साउंड' नावाचं बटण दाबायचं असतं. शिवाय एकत्र गाता येत नाही. माझी टाळी तिकडे पोचेपर्यंत उशीर होतो, त्यांची माझ्याकडे यायला आणखी. संगती, म्हणजे एकाच ओळीची बदलत जाणारी रूपं, तर गुरूच्या आवाजाला आवाज चिकटवूनच गळ्यात उतरते.

आता वराळी. त्यागराजांच्या पंचरत्न कृती पाच, नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांत. पैकी वराळी गुरूनं शिष्याला समोर बसवून शिकवायची नाही असा संकेत आहे. शिकवली तर दोघांचं फाटतं म्हणतात. मामी एरवी असल्या गोष्टी मानणाऱ्या नव्हत्या, तरी वराळीच्या वेळी त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि कॉफीसाठी डिकॉक्शन गाळता गाळता म्हणायच्या. आम्ही बाहेर बसून उचलायची. शिकवलं कुणी? कुणी नाही.

क्लीव्हलंडला १९७८ पासून त्यागराज उत्सव भरतो, ईस्टरच्या सुमारास. शेकडो माणसं एकत्र बसून पंचरत्नं म्हणतात. माझी पाच मुलं यंदा त्यात बसणार होती. वराळी सोडून बाकीच्या चार कृती आम्ही महिनाभर घासल्या. "आंटी, चौथी कधी?" असं आठ वेळा विचारून झालं, मी आठही वेळा चहाचं आधण ठेवायला उठले. इथं स्वयंपाकघराला भिंत नाही, उघडं आहे, त्यामुळे मी सिंककडे तोंड करून म्हणायची. मुलं मेसेज बघत बसायची, असं मला वाटायचं.

उत्सवाच्या दिवशी सकाळी सहाला निघालो, आय-७१ महामार्गावर. बाहेर एप्रिलचा बर्फ भुरभुरत होता. मागच्या सीटवर तिघं जण. नाट, गौळ, आरभी झाल्या, मी पाण्याची बाटली उघडली, आणि मागून तेरा वर्षांच्या पोरानं, पियानोच्या पट्टीवाल्यानं, स्वतःशीच वराळी सुरू केली. चरणाची एक ओळ त्यानं माझ्यासारखीच श्वास तोडून घेतली. सिंककडे वळताना मी तिथं नळ बंद करते.

मध्यम थोडा खाली लागत होता. वराळीत तो नेहमीच्या तीव्र मध्यमापेक्षाही वर, पंचमाला खेटून लागतो. मी आरशातून मागं बघितलं, बाटलीचं झाकण लावलं आणि काही बोलले नाही.