फडकं

माझ्या मोटरसायकलच्या सीटखाली एक फडकं असतं. जुन्या बनियनचं, तेही पाठीकडच्या कापडाचं. टर्किशचा तुकडा नुसता फुगतो आणि दुकानात मिळणारं पिवळं फडकं पाणी टिपायच्या ऐवजी पुढे ढकलतं, हे 16 वर्षं सीट पुसून बनलेलं माझं ठाम मत आहे. सकाळी आठला सीट उचलायची, फडकं काढायचं, सीट, टाकी, आरसे पुसायचे आणि निघायचं. सातारा ते वाई, जायला 35 किलोमीटर, यायला तेवढेच.

गाडी करंजाच्या झाडाखाली उभी असते. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं आहे, पण मला महिना कळतो तो सीटवरून. फाल्गुनात वाळकी पानं. उन्हाळा चढला की करंज फुलतो आणि सीटवर कुणी लाह्या उधळून गेल्यासारखी बारकी, पांढरट-जांभळी फुलं पडलेली असतात. पुसायला जिवावर येतं, पण बसायचं तर तिथेच. मेमध्ये धूळ आणि त्या धुळीत मांजराच्या पावलांचे ठसे, मागच्या दिव्यापासून टाकीपर्यंत. दसऱ्याला हँडलच्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या. दिवाळी सरली की दव. मधले पावसाळ्याचे चार महिने फडक्याला सुट्टी, कारण सीटपेक्षा तेच जास्त ओलं असतं.

हल्ली मोटरसायकल चालवणाऱ्याला रायडर म्हणतात. मला अजून कुणी म्हटलेलं नाही. रविवारी कासच्या पठाराकडे निघालेली, गुडघ्यांना ढाली बांधलेली मुलं चहाच्या टपरीवर भेटतात. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, तुम्ही पण राइड करता?" म्हटलं, रोज 70 किलोमीटर. त्याचे डोळे चमकले. पुढे पतसंस्थेत कारकुनीला जातो असं सांगितलं, तर पोरगं एकदम चहाकडे वळलं.

गाडी 2009 ची स्प्लेंडर, नंबर एमएच 11. टाकीवर अजून हिरो होंडा असं जोडनाव आहे. 2010 च्या डिसेंबरात त्या दोघांचा काडीमोड ठरला, पण माझ्या टाकीवर त्यांचा संसार सुखाने चालू आहे. 2024 ला गाडीला 15 वर्षं भरली तेव्हा आरटीओत उभी करून पुढच्या पाच वर्षांची मुदत आणली. तपासणाऱ्याने चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करायचा खटका, ओढून पाहिला आणि उगाचच हसला. 2020 च्या एप्रिलपासून धुरावरचा बीएस-6 चा नियम आला, नव्या गाड्यांत पेट्रोलात हवा मिसळणारा कार्ब्युरेटर गेला, त्याबरोबर चोकही गेला. आमच्या फिटरकडचा नवा पोरगा तर त्या खटक्याला "ही कसली कडी?" म्हणाला होता. थंडीत चोक ओढून दोन किका मारायच्या, तिसऱ्या किकेला गाडी खोकत उठते. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी. आधी खोकला, मग बोलणं.

पावसाळ्याबद्दल मात्र जरा सविस्तरच लिहिलं पाहिजे. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की त्याचा पाव हिस्साही उरत नाही. म्हणजे आमच्या वाट्याला येतो तो वरच्याचा सांडलेला पाऊस. पण सांडणार कुठे, हे त्याचं त्याला माहीत. घरून निघताना ऊन, चार किलोमीटरवर सर. मग हायवेच्या पुलाखाली एकेक गाडी येऊन थांबायला लागते. दूधवाला, शाळेचे मास्तर, नवं जोडपं, मागे खताचं पोतं बांधलेले एक आजोबा. सगळे एका पायावर. कारण रेनकोटची पँट बुटासकट पायात जात नाही, हे ठाऊक असूनही प्रत्येकजण एकदा बुटासकट घालून पाहतोच. बूट अडकतो, माणूस लंगडी घालत शेजारच्याच्या गाडीला धरतो, शेजारचा "धरा धरा" म्हणतो. एवढ्यात पाऊस थांबतो. आता रेनकोट काढायचा की ठेवायचा, यावर पुलाखाली जी चर्चा होते ती आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेपेक्षा मुद्देसूद असते.

आणि रेनकोट कितीही महागाचा घ्या, पाणी शिरायचं तिथेच शिरतं. टाकीवरून ओघळत येतं आणि टाकी-सीटच्या खाचेत, बरोबर आपल्या पुढ्यात, त्याचं तळं होतं. पहिले दहा किलोमीटर माणूस कोरडा असतो. मग एक थंड, बारीक, अपमानास्पद जाणीव होते. ऑफिसात पोचल्यावर मी पहिला अर्धा तास उभ्याने काम करतो. आमचे शिपाई मामा काही न बोलता खुर्चीवर कालचा पेपर पसरून ठेवतात.

पेपरचा दुसरा उपयोग थंडीत. स्वेटरच्या आत, छातीवर, चार घड्यांचा. अंगाला वारा लागत नाही. वाईला पोचल्यावर काढला की त्यावर शर्टाच्या गुंड्यांचे खळगे उमटलेले असतात. थंडीत ऊसही सुरू होतो. भुईंजच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या, एकामागे एक दोन जोडलेल्या, ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने की मागच्याचा हॉर्न ऐकू जाऊ नये. संध्याकाळी अंधारात ट्रॉलीचा मागचा दिवा दिसत नाही. आधी उसाचा वास येतो, मग डोळ्यांसमोर वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, लोंबताना दिसतात. नाकाने ब्रेक दाबलाय मी कितीदा तरी.

उन्हाळ्याचं एकच सांगतो. सिग्नलला कारवाले पांढऱ्या पट्टीपाशी थांबतात, आम्ही झाडाच्या सावलीपाशी. सावली पट्टीच्या पन्नास फूट आधी असेल तर रांग तिथून सुरू होते.

"आता कार घ्या" असं मेहुणे दर दिवाळीला म्हणतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत खांदा आखडला होता, तेव्हा तीन आठवडे एका सहकाऱ्याच्या कारमधून गेलो. चांगली गाडी, मऊ सीट, मंद आवाजात बातम्या. आनेवाडीच्या टोलनाक्याला रांगेत थांबलो, तेव्हा डाव्या अंगाच्या चिंचोळ्या वाटेने दुचाक्या सुळकन निघून जाताना पाहिल्या. दुचाकीला टोल नसतो, त्यामुळे तो नाका असा समोरून मी प्रथमच पाहत होतो. वेण्णेचा पूल कधी गेला ते कळलंच नाही. गाडीवर असलो की पूल यायच्या आधी गुडघ्यांना कळतं; नदीजवळ हवा एकदम गार होते आणि पलीकडे चढ लागला की पुन्हा कोमट. पाचवडवरून वाईकडे वळल्यावर मी सहज म्हणालो, "हळद शिजायला लागली असेल ना आता?" त्याने बाहेर बघून विचारलं, "कुठे?" काचा वर होत्या. मलाही सांगता आलं नाही. एरवी त्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चला हळदीचा ओला, मातकट, उकडलेला वास हेल्मेटमध्ये असा भरतो की घरी गेल्यावर बायको विचारते, "आज वरणात हात घातला होता का?"

खांदा बरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सीट उचलली, तर फडकं वाळून पापडासारखं कडक झालेलं.

आज सकाळी थंडी चांगलीच होती. खाली आलो तर आरशांवर, टाकीवर, सीटवर दवाचा थर. फक्त सीटच्या मधोमध भाकरीएवढा एक गोल कोरडा. हात लावला, ऊब होती. मांजर नुकतंच उठून गेलं असणार. समोरच्या भिंतीवर बसून ते माझ्याकडे पाहत होतं. मी फडकं काढलं आणि तेवढा गोल सोडून बाकीची सीट पुसली.