न उमटलेली रेघ

सकाळी सव्वासहाला टँकर डेअरीच्या डॉकला लागला. आषाढातला पाऊस, दहा हजार लिटर गायीचं दूध, आणि त्या दिवशी ते सगळं दह्यासाठी राखून ठेवलेलं. प्लंजरने ढवळून दोन्ही कप्प्यांतून सॅम्पल काढलं. तापमान 4 अंश, आम्लता 0.13, फॅट 3.6, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, 8.5. उकळून पाहिलं, फाटलं नाही. वास आणि चव उत्तम. नाव ठेवायला जागा नव्हती.

राहिली होती अँटिबायोटिकची पट्टी. तिच्यावर तीन रेघा उमटाव्या लागतात. एक कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली याची खूण, आणि दोन औषधांच्या दोन गटांच्या. दुधात औषध नसेल तर रेघ उमटते, असेल तर उमटत नाही. लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलांना हे उलटं वाटतं, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांच्याकडून ते तीनदा म्हणून घेते. त्या सकाळी कंट्रोलची रेघ ठळक, टेट्रासायक्लिनची ठळक, आणि पेनिसिलिन गटाच्या जागी कोरा पांढरा कागद. दुसऱ्या लॉटची पट्टी लावली. तेच.

टँकर होल्डवर टाकला. पाच मिनिटांत संकलनवाले साहेब लॅबच्या दारात. "मॅडम, साठ हजार लिटरच्या सायलोच्या टाकीत सोडू. एवढ्या दुधात काय राहणार आहे?" वाईट माणूस नाही तो. पावसापाण्यात गावोगाव फिरून दूध गोळा करतो आणि टँकर परत गेला की त्याला पहिला फोन वरून येतो. पण दूध वाढवून औषध पातळ करणं म्हणजे दोष साठ हजार लिटरांत वाटणं. पेनिसिलिनला कोडेक्सची, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची, मर्यादा लिटरला 4 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे आख्ख्या दहा हजार लिटरला 40 मिलिग्रॅम पुरतं, आणि गायीच्या सडात सोडायच्या एका ट्यूबमध्ये त्याच्या कितीतरी पट औषध असतं. 72 अंशाला 15 सेकंद पाश्चराइज केल्याने ते जात नाही, घरी उकळूनही पुरतं जात नाही. अशा दुधाला दह्याचं विरजण लागत नाही हे आमचं नुकसान झालं. पण पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेलं लेकरू आमचं दूध पीत असेल, तर त्याच्या आईला हे कळायचा काही मार्ग आहे का? मी सही केली नाही.

टँकरबरोबर बर्फाच्या पेटीतून सहा बल्क कूलरच्या, म्हणजे केंद्रांवर दूध थंड ठेवायच्या टाक्यांच्या, बाटल्या आल्या होत्या. सहा पट्ट्यांत सापडलं, पाच चांगल्या, एक खराब. त्या केंद्रावर चौसष्ट जण दूध घालत होते. पट्टी महाग, म्हणून संध्याकाळच्या धारेला मी स्वतः तिथे गेले आणि आठ-आठ जणांचं दूध एकत्र करून आठ पट्ट्या लावल्या. एका गटाची रेघ गायब. मग त्या आठ जणांच्या आठ. चौसष्टऐवजी सोळा पट्ट्यांत घर सापडलं.

पत्र्याच्या गोठ्यात एकच एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीची गाय. मावशी साठीच्या असतील. मागच्या उजव्या सडाला सूज, कास त्या बाजूला दगडासारखी. भिंतीच्या कोनाड्यात रिकाम्या ट्यूबा नीट ओळीने लावून ठेवलेल्या, टाकूनसुद्धा दिल्या नव्हत्या. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ताई, दगडी झालीया तिला. पर त्या सडाचं दूध म्या थेंबभरबी घातलं न्हाई. रोज उकिरड्यावर वततीया. बाकीच्या तीन सडांचंच आणलं."

त्या खरं बोलत होत्या. खराब सडाची धार वेगळ्या तांब्यात काढायची, ओतून द्यायची आणि उरलेल्या तिघांचं दूध केंद्रावर न्यायचं, असं चार दिवस त्यांनी नेमाने केलं होतं. एका सडात सोडलेलं औषध रक्तात उतरतं आणि रक्तातून बाकीच्या सडांतही येतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ट्यूबवर लिहिलं होतं, शेवटच्या मात्रेनंतर 72 तास दूध वापरू नये. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ट्यूब मी हातात धरली तेव्हा मलाही ती उजेडाकडे न्यावी लागली.

मी समजावून सांगितलं. गायीच्या मागच्या पायाला लाल फडकं बांधलं, म्हणजे धार काढायला घरातलं दुसरं कोणी बसलं तरी चुकणार नाही. मावशींनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मंग ह्या दिसांच्या दुधाचं बिल?"

आमच्याकडे दर दहा दिवसांनी बिल निघतं. त्यात दंडाचा रकाना आहे, औषधपाणी चालू असताना खरं सांगून दूध घरी ठेवणाऱ्यासाठी काहीच नाही. खरं सांगितलं की घरात पैसा येत नाही, आणि लपवलं तर बहुतेकदा चौसष्ट जणांच्या दुधात खपून जातं. मग खरं कोण सांगणार?

प्लँटवर परतले तेव्हा रात्र झाली होती. नाकारलेलं दूध सांडपाण्याच्या टाकीकडे थोडं थोडं सोडत होते. एकदम सोडलं तर तिथले पाणी साफ करणारे जिवाणू मरतात. पाइपातून ती पांढरी धार गटाराच्या पाण्यात जाताना बघवत नव्हती. दीड-दोन हजार गायींखाली पहाटे कोणीतरी बसलं होतं, त्यांचं दूध होतं ते.

अहवालात कारण लिहिलं आणि खाली मागणी लिहिली: औषध चालू आहे असं आधी कळवणाऱ्याला त्या दिवसांचा निम्मा दर द्यावा. दर महिन्याच्या मीटिंगला ती फाइल मी पुन्हा वर काढते. अजून मंजूर झालेली नाही.

सातव्या दिवशी केंद्रावरून बाटली आली, वर मावशींच्या खात्याचा नंबर. दूध केंद्रावर ओतायच्या आधी त्यांनी स्वतःहून तपासायला पाठवलं होतं. पट्टी लावली आणि ती मिनिटं मी दुसरं काही केलं नाही. आधी कंट्रोलची रेघ आली, मग टेट्रासायक्लिनची. पेनिसिलिनची सावकाश, फिकट गुलाबी होत होत शेवटी ठळक झाली. फोन लावला आणि म्हटलं, "मावशी, संध्याकाळपासून घाला दूध."